ब्राझीलमध्ये चर्चच्या पायऱ्या आफ्रिकी देवाच्या नावानं का धुतल्या जातात?

साल्वादोर ही ब्राझीलच्या बाहिया राज्याची राजधानी. दरवर्षी जानेवारीतल्या एका गुरुवारी या शहरातले लाखो लोक पांढरे कपडे घालून आठ किलोमीटर चालतात आणि टेकडीवरच्या एका कॅथलिक चर्चपाशी जमतात. तिथे कांडोम्ब्ले या आफ्रिकी मुळाच्या धर्मातल्या स्त्रिया घागरींतलं सुगंधी पाणी ओतून, झाडूनं घासून चर्चच्या पायऱ्या धुतात. जमलेले लोक डोकं पुढे करून तेच पाणी अंगावर घेतात. कुणी येशूच्या नावानं हात जोडतो, कुणी ओशाला या आफ्रिकी देवाच्या नावानं, आणि पुष्कळ जण दोघांच्याही.

हा सगळा सोहळा चालू असताना चर्चचं मुख्य दार बंद असतं.

'लावाजेम दो बॉनफिम', म्हणजे बॉनफिमचं चर्च धुण्याचा हा उत्सव, दोन धर्मांच्या सुंदर मिलाफाचं उदाहरण म्हणून जगभर दाखवला जातो. पण हा मिलाफ कुणाच्या अटींवर झाला, हा प्रश्न साल्वादोरमध्ये दीडशे वर्षांहून अधिक काळ विचारला जातो आहे. बंद दार हा त्याच वादाचा भाग आहे.

उत्सवात नेमकं काय होतं?

6 जानेवारीला एपिफनीचा सण असतो. बॉनफिमच्या प्रभूचा मुख्य सण त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी येतो आणि त्याआधी चर्चमध्ये नऊ दिवसांची नोव्हेना चालते. या रविवारच्या आधीचा गुरुवार म्हणजे लावाजेमचा दिवस.

सकाळी बंदराजवळच्या कॉन्सेसांव दा प्राया या चर्चपासून मिरवणूक निघते. अग्रभागी 'बायाना' असतात. पांढरा झालरीचा घेरदार घागरा, डोक्याला पांढरा फेटा, गळ्यात मण्यांच्या माळा आणि डोक्यावर फुलांनी भरलेली घागर असा त्यांचा वेश असतो. घागरीत फुलं आणि लव्हेंडर घातलेलं सुगंधी पाणी असतं. मागे ढोलताशांची पथकं, सजवलेल्या गाड्या आणि सामान्य लोकांचा महापूर असतो. निवडणुकीच्या वर्षी तर राजकीय नेतेही झाडून हजर असतात, कारण कुणाभोवती किती गर्दी जमते याकडे सगळ्यांचं लक्ष असतं.

टेकडीवर पोहोचल्यावर बायाना पायऱ्या आणि पुढचं अंगण धुतात. धार्मिक विधी इथे संपतो. त्यानंतर रात्रीपर्यंत खाणंपिणं आणि नाचगाणं चालू राहतं.

बॉनफिमचा प्रभू कोण आणि ओशाला कोण?

'बॉनफिम' या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ चांगला शेवट, म्हणजेच शांत मरण. क्रुसावरच्या येशूची या नावानं भक्ती पोर्तुगालमधल्या सेतुबल शहरात चालत असे. तेओदोझिओ रॉद्रिगिश दी फारिया या पोर्तुगीज जहाज कप्तानानं तिथल्या मूर्तीची प्रतिकृती 1745 साली साल्वादोरला आणली. टेकडीवर तिच्यासाठी चर्च बांधण्यात आलं आणि 1754 मध्ये मूर्ती तिथे नेण्यात आली.

ओशाला हा आजच्या नायजेरिया आणि बेनिनमधल्या योरुबा लोकांचा देव. योरुबांच्या श्रद्धेनुसार एका सर्वोच्च ईश्वराच्या खाली अनेक 'ओरिशा' असतात. वीज, समुद्र, जंगल, लोखंड अशा शक्ती त्यांच्या ताब्यात असतात. माणसाला देह देणारा, सगळ्यांत वडीलधारा ओरिशा म्हणजे ओशाला. त्याचा रंग पांढरा आणि वार शुक्रवार. म्हणूनच साल्वादोरमध्ये आजही शुक्रवारी पांढरे कपडे घालणारे लोक पावलोपावली दिसतात. त्यात स्वतःला पक्के कॅथलिक म्हणवणारेही असतात.

एकीकडे माणसासाठी यातना सोसणारा येशू, दुसरीकडे सगळ्या ओरिशांचा पिता. या दोघांची जोडी साल्वादोरच्या लोकांनी कधीतरी जुळवली आणि ती टिकली.

पण पाणीच का?

याचं एक उत्तर अगदी व्यावहारिक आहे. सणाआधी चर्च धुऊन स्वच्छ करायची प्रथा पोर्तुगीजांचीच. टेकडीवर पाणी वाहून आणायचं आणि फरशी घासायची हे काम गुलामांच्या आणि गरिबांच्या वाट्याला आलं. कामासोबत गाणी आली, गाण्यांसोबत नाच आला आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत साफसफाईचा दिवस हाच सणाचा सर्वांत मोठा दिवस होऊन बसला.

दुसरं उत्तर योरुबांच्या एका कथेत आहे. म्हातारा ओशाला आपला मित्र, ओयो राज्याचा राजा शांगो याला भेटायला निघाला. प्रवास करू नको, असा कौल निघाला होता. तरी तो गेला. वाटेत खोडकर एशूनं त्याला पुन्हा पुन्हा फसवून त्याचे पांढरे कपडे ताडाच्या तेलानं आणि कोळशानं माखून टाकले. राज्याच्या वेशीजवळ ओशालाला शांगोचा हरवलेला घोडा दिसला. तो घोडा परत न्यायला निघाला, तर मळक्या कपड्यांतल्या या म्हाताऱ्याला शिपायांनी चोर समजून पकडलं. सात वर्षं तो तुरुंगात पडून राहिला. त्या काळात राज्यात पाऊस पडेना, पिकं आणि माणसं रोगानं गेली, बायकांना मुलं होईनात. शेवटी शांगोनं कौल लावला, तेव्हा कळलं की एक निरपराध म्हातारा कोठडीत आहे. राजानं त्याला ओळखलं. सगळ्या प्रजेनं पांढरे कपडे घालावेत, पाणी भरून आणावं आणि ओशालाला मुकाट्यानं न्हाऊ घालावं, अशी आज्ञा त्यानं दिली.

कांडोम्ब्लेच्या मंदिरांना 'तेरेइरो' म्हणतात. तिथे 'ओशालाचं पाणी' नावाचा विधी आजही होतो. पहाट व्हायच्या आधी पांढऱ्या कपड्यांतले भक्त एक शब्दही न बोलता झऱ्यावरून पाणी आणतात. हा विधी वर्षाच्या वेगळ्या काळात होतो आणि त्यात चर्चचा काही संबंध नसतो.

या दोन उत्तरांची गाठ कशी पडली असेल, हे समजणं अवघड नाही. मालकाच्या हुकमानं टेकडीवर पाणी वाहणाऱ्या माणसाच्या मनात चोर ठरवून कोंडलेल्या देवाची कथा होती. वरून पाहणाऱ्याला ती साफसफाई दिसत होती. पाणी वाहणाऱ्यासाठी ती पूजाही होती.

दोन धर्म एकमेकांजवळ आले कसे?

अटलांटिक गुलाम व्यापारात सुमारे 48 लाख आफ्रिकी माणसं ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. इतकी माणसं अमेरिका खंडातल्या दुसऱ्या कुठल्याही देशात आणली गेली नाहीत. त्यांतली सुमारे 15 लाख बाहियात आली. साल्वादोर हे 1549 ते 1763 या काळात पोर्तुगीज ब्राझीलची राजधानी होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओयोचं साम्राज्य कोसळत गेलं. त्या लढायांत पकडलेले योरुबा लोक मोठ्या संख्येनं इथे विकले गेले. बाहियातल्या कांडोम्ब्लेवर योरुबांची छाप ठळक आहे, ती त्यामुळेच.

गुलामांचा बाप्तिस्मा करणं मालकांवर बंधनकारक होतं आणि स्वतःचे देव उघडपणे पूजायला गुलामांना मनाई होती. पण कॅथलिक व्यवस्थेतच त्यांना एक फट सापडली. चर्चशी जोडलेले 'बंधुसंघ' असत आणि त्यांत काळ्या लोकांचे वेगळे संघही होते. सभासदाचं अंत्यसंस्कार नीट करणं, स्वातंत्र्य विकत घ्यायला पैसे जमवणं आणि आपल्या संताचा सण साजरा करणं ही कामं हे संघ करत. गुलामांना कायदेशीरपणे एकत्र येता येईल अशी ही जवळपास एकमेव जागा होती. साल्वादोरच्या पेलोरिन्यो भागात काळ्यांच्या बंधुसंघानं उभारलेलं रोझारी माऊलीचं चर्च आजही आहे. ब्राझीलमधल्या सर्वांत जुन्या तेरेइरोंपैकी एक असलेल्या 'कासा ब्रांका'ची मुळंही बारोकिन्या चर्चच्या परिसरातल्या अशाच बंधुसंघांच्या वर्तुळात सापडतात.

संत आणि ओरिशा यांच्या जोड्या जुळल्या त्या अशा वातावरणात. त्या सगळीकडे सारख्या नाहीत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. बाहियात संत जॉर्ज म्हणजे शिकारी ओशोसी, तर रिओ दी जानेरोत तोच संत जॉर्ज म्हणजे लोखंडाचा आणि युद्धाचा देव ओगुन. बाहियात संत बार्बरा म्हणजे वादळाची देवी यान्सा. क्युबात तीच संत बार्बरा म्हणजे वीज पाडणारा पुरुष देव शांगो, आणि ओशालाची जोडी तिथे येशूशी नसून मेरी मातेच्या एका रूपाशी जुळली आहे. म्हणजे देव कुठेच एकमेकांत विरघळून गेले नाहीत. प्रत्येक गावच्या लोकांनी हाताशी असलेल्या मूर्तींतून आपल्या देवाच्या खुणा शोधल्या. कुठे तलवार पाहून, कुठे वीज पाहून, तर कुठे पांढरं वस्त्र पाहून.

चर्चचं दार बंद का झालं?

आज पायऱ्यांवर होणारा हा विधी पूर्वी चर्चच्या आत होत असे. स्त्री-पुरुष गात, नाचत थेट गाभाऱ्यापर्यंतची फरशी धूत. पाद्र्यांना आणि शहरातल्या प्रतिष्ठितांना हे खटकत होतं.

त्यामागे भीतीही होती. जानेवारी 1835 मध्ये साल्वादोरमध्ये गुलाम आणि मुक्त आफ्रिकी मुसलमानांनी उठाव केला. तो 'मालेंचा उठाव' म्हणून ओळखला जातो. त्यासाठी निवडलेला दिवस बॉनफिमच्या उत्सवमालिकेतलाच होता, कारण त्या वेळी शहराचं लक्ष टेकडीकडे असे. उठाव चिरडला गेला, पण आफ्रिकी लोकांचा जमाव म्हणजे धोका हे समीकरण राज्यकर्त्यांच्या मनात पक्कं झालं.

13 मे 1888 रोजी ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली. 15 नोव्हेंबर 1889 रोजी राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आलं. त्याच वर्षाच्या शेवटी साल्वादोरचे आर्चबिशप दोम लुईस आंतोनियो दोस सांतोस यांनी चर्च धुण्यावर बंदी घातली. रोमच्या शिस्तीत न बसणाऱ्या लोकप्रथा काढून टाकण्याची मोहीम तेव्हा ब्राझीलच्या चर्चमध्ये चालू होती. जानेवारी 1890 मध्ये टेकडीवर पोलीस उभे राहिले आणि लोकांच्या घागरी आणि झाडू काढून घेण्यात आले. माणसं कागदोपत्री स्वतंत्र झाली होती, पण ज्या चर्चची फरशी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गुलाम म्हणून घासली, तिथेच त्यांना स्वतःच्या मर्जीनं पाणी ओतायला मनाई झाली.

बंदी वेगवेगळ्या रूपांत पुढेही येत राहिली. लोकांनी विधी सोडला नाही. तो दाराबाहेर, अंगणात आणि पायऱ्यांवर आणला. लावाजेमचं आजचं रूप घडलं ते या तडजोडीतून.

तेरेइरोंची स्थिती तर याहून वाईट होती. 1890 च्या दंडसंहितेनं जादूटोणा आणि झाडपाल्याचे उपचार गुन्हा ठरवले आणि त्या कलमांचा वापर कांडोम्ब्लेविरुद्ध झाला. 1920 च्या दशकात पोलीस तेरेइरोंवर छापे घालत, ढोल आणि पूजेच्या वस्तू जप्त करत. पुढे तेरेइरोंना पोलिसांच्या ज्या शाखेकडून परवाना घ्यावा लागे, ती जुगारावर नजर ठेवणारी शाखा होती. बाहियात ही अट 1976 साली रद्द झाली. तोवर लावाजेमच्या पोस्टरवर बायानांचे फोटो झळकत होते आणि त्याच बायाना आपल्या पूजेसाठी पोलिसांची परवानगी मागत होत्या.

बंद दाराचा हा प्रश्न ब्राझीलच्या सिनेमानंही मांडला. 1962 मध्ये कान महोत्सवात पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा 'ओ पागादोर दी प्रोमेसास' (नवस फेडणारा) हा चित्रपट साल्वादोरमध्येच घडतो. एक साधा शेतकरी तेरेइरोत यान्सापुढे नवस बोलतो आणि तो फेडायला क्रूस खांद्यावर घेऊन संत बार्बराच्या चर्चपाशी येतो. त्याच्या लेखी दोघी एकच. पाद्री त्याला आत घेत नाही.

'आता संतांची गरज उरली नाही'

या मिलाफाला सर्वांत धारदार आव्हान चर्चनं नव्हे, तर कांडोम्ब्लेच्या पुजारिणींनी दिलं. तेरेइरोच्या प्रमुख स्त्रीला 'मांय' म्हणतात. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ आई. 1983 मध्ये साल्वादोरला ओरिशा परंपरेची जागतिक परिषद भरली. त्या वेळी मांय स्टेला दी ओशोसी, मांय मेनिनिन्या यांच्यासह पाच मोठ्या तेरेइरोंच्या प्रमुखांनी एक जाहीर पत्रक काढलं. कांडोम्ब्ले हा स्वतंत्र धर्म आहे. तो लोककलेचा किंवा पर्यटनाचा नमुना नाही, अशी त्यांची भूमिका होती. संतांच्या आडून ओरिशा पूजणं ही गुलामगिरीतली गरज होती. ती गरज संपली, तेव्हा ते आवरणही उतरवायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं.

कांडोम्ब्लेच्या अनुयायांतही यावर एकमत झालं नाही. मुळात सक्तीतून आलेली प्रथा पाच-सहा पिढ्यांनंतर सक्तीची राहते का, असा मुद्दा पुढे आला. आजी रविवारी मिस्साला जायची आणि ओशालाच्या पूजेलाही उभी राहायची. तिच्या मनात आतला खरा आणि बाहेरचा खोटा असा भेद नव्हता. अशा घरात वाढलेल्या माणसाला येशू 'आवरण' वाटत नाही. दुसऱ्या बाजूला मांय स्टेला यांना मानणाऱ्यांचं म्हणणं असं की दार उघडायचं की नाही हे एकच पक्ष ठरवत असेल, तर त्याला मिलाफ म्हणताना जपून बोललं पाहिजे.

चर्चची भूमिकाही काळानुसार बदलली. 1962 ते 1965 या काळातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर स्थानिक संस्कृतीकडे पाहण्याची दृष्टी सैल झाली. पेलोरिन्योतल्या रोझारी माऊलीच्या चर्चमध्ये आता मंगळवारच्या मिस्सात आफ्रिकी ढोल वाजतात. बॉनफिमचे धर्मगुरू लावाजेमच्या गर्दीला आशीर्वाद देतात.

फीत आणि गांधी

बॉनफिमच्या चर्चच्या कुंपणावर हजारो रंगीत फिती बांधलेल्या दिसतात. पोर्तुगीजमध्ये तिला 'फिता' म्हणतात आणि मराठीतली 'फीत' याच शब्दावरून आली आहे. बॉनफिमची फीत 47 सेंटिमीटर लांबीची असते, म्हणजे मूर्तीच्या हाताएवढी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती रेशमाची असे आणि गळ्यात घालत. आता ती मनगटाला तीन गाठींनी बांधतात, प्रत्येक गाठीला एक इच्छा. फीत आपोआप तुटेपर्यंत काढायची नाही. तिच्या वेगवेगळ्या रंगांत लोक आज वेगवेगळे ओरिशाही पाहतात.

लावाजेमच्या मिरवणुकीत भारताशी नातं सांगणारं एक पथकही चालतं. 'फिल्योस दी गांधी', म्हणजे गांधींची लेकरं, हे पथक 1949 मध्ये साल्वादोरच्या गोदी कामगारांनी सुरू केलं. आदल्या वर्षी महात्मा गांधींची हत्या झाली होती. पोलिसांचा जाच सोसणाऱ्या या काळ्या कामगारांनी अहिंसेचं नाव घेतलं, डोक्याला पांढरे फेटे बांधले आणि तेरेइरोंतल्या तालावर रस्त्यावर उतरले. शांततेचं आणि ओशालाचं पांढरं वस्त्र त्यांच्या अंगावर एकच झालं.

आज नेमकं काय पणाला लागलं आहे?

2013 मध्ये बॉनफिमच्या उत्सवाला ब्राझीलचा राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. पण वारसा म्हणून मान मिळणं आणि धर्म म्हणून सुरक्षित असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

गेल्या काही दशकांत ब्राझीलमध्ये इव्हँजेलिकल पंथ झपाट्यानं वाढले. 2022 च्या जनगणनेनुसार कॅथलिक 56.7 टक्के आणि इव्हँजेलिकल 26.9 टक्के आहेत. यांतल्या काही गटांना ओरिशा म्हणजे सैतान वाटतात आणि तेरेइरोंवर हल्ले होतात. 1999 मध्ये एका पंथाच्या वृत्तपत्रानं साल्वादोरच्या मांय जिल्डा यांचा फोटो भोंदूगिरीवरच्या मजकुरासोबत छापला. त्यानंतर त्यांच्या तेरेइरोवरही हल्ला झाला. 21 जानेवारी 2000 रोजी त्यांचं हृदयविकारानं निधन झालं. 2007 पासून ब्राझीलमध्ये हा दिवस धार्मिक असहिष्णुतेविरोधी राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्या पुतळ्याचीही पुढे तोडफोड झाली.

याच जनगणनेत आणखी एक आकडा आहे. आपला धर्म कांडोम्ब्ले किंवा उम्बांडा असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण 2010 मध्ये 0.3 टक्के होतं, ते 2022 मध्ये 1 टक्का झालं. यातले सगळे नव्यानं त्या धर्मात आले असं नाही. पूर्वी अनेक जण तेरेइरोत जात आणि जनगणनेला 'कॅथलिक' असं सांगत. आता आपल्या धर्माचं नाव घ्यायला लोक कमी कचरतात, असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे 1983 च्या पत्रकातलं म्हणणं निदान काहींनी तरी मनावर घेतलं आहे.

तरी जानेवारीतल्या त्या गुरुवारी टेकडीवरची गर्दी कमी झालेली नाही. तेरेइरोचं नाव उघडपणे सांगणारी बायाना आणि मनगटाला फीत बांधलेली कॅथलिक आजी आजही त्याच पायऱ्यांवर उभ्या असतात. दोघींना एकच देव मान्य असायला हवा, अशी अट तिथे नाही. ही मोकळीक चर्चनं दिलेली नाही आणि सरकारनंही नाही. दाराबाहेर काढल्यावरही घागर खाली न ठेवणाऱ्या बायकांनी ती मिळवली आहे.